युज्युअली, म्हणजे बहुतेक वेळा

प्रिय अयोध्या,

सुपारी फुटली, साड्या घेऊन झाल्या, आणि तुझ्या होणाऱ्या सासूनं तुला अजून एक ओळही लिहिलेली नाही. फोनवर आपण बोलतो, पण तेव्हा बद्रीनाथ शेजारी बसलेला असतो. आज तो वाळूजला कंपनीत गेलाय, सकाळच्या पाळीला, म्हणून लिहायला बसले. माझ्या मुलाशी लग्न करून तू ज्या घरात येणार आहेस, ते घर कसं आहे हे तुला आधी कळायला हवं. हळद लागल्यावर कळून काय उपयोग?

तू एकदा विचारलं होतंस, आत्याबाई, तुम्हाला इंग्रजी कसं काय येतं? मी हसून टाळलं होतं. बद्रीला इंग्रजी शाळेत घातला आणि पालकसभेत मला तोंड उघडता येईना. शेवटी शहागंजात एका बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत नजमा मॅडम शिकवायच्या, तिथं जायला लागले. दुपारचा क्लास, सगळ्या बायकाच. मॅडमची तऱ्हा निराळी होती. रोज एक शब्द द्यायचा आणि त्याचं वाक्य प्रत्येकीनं आपल्या घरातलं बनवायचं, तेही खरं. राम आंबा खातो, असलं काही चालायचं नाही. "तुमारे घर में कौन राम है जी? और आम कब खाया उसने?" असं विचारून त्या खाली बसवायच्या. एका दिवशी शब्द आला युज्युअली. म्हणजे बहुतेक वेळा. रोजच होईल असं नाही, पण धरून चालावं इतकं. दुकानवाल्याची सून शहजादी उठली आणि म्हणाली, माय मदर-इन-लॉ युज्युअली स्लीप्स इन द आफ्टरनून. म्हणून तर ती क्लासला येऊ शकायची! सगळ्या खिदळलो. मग माझी पाळी आली. मी भाकरीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. उभी राहिले आणि तोंडातून भलतंच निघालं, माय हजबंड युज्युअली बीट्स मी आफ्टर डिनर.

अयोध्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या गं. शब्द बरोबर जागी बसला होता, बीट्समधला स सुटला नव्हता, आणि मी तर वर्गातली सगळ्यात ढ. सगळ्यांचे कान शब्दाकडे होते. मीसुद्धा लाजून हसले. हेच मराठीत मी माझ्या आईला, मनकर्णाबाईला, कधी सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिनंच तर शिकवलेलं. इंग्रजीत बोलताना ते दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं. टाळ्या थांबल्या तशा नजमा मॅडम म्हणाल्या, "जुमला एकदम सही है, द्वारकाबाई. अब बैठो नक्को, मेरे साथ बाहर चलो." जिन्यात त्यांनी माझी बाही वर सारली आणि दंडावरचे वळ बघत राहिल्या. मी म्हणाले, चालायचंच मॅडम. त्या मला लई रागावल्या, पण मला त्या दिवशी टाळ्याच ऐकू येत होत्या.

त्याच नादात संध्याकाळी भाकरी थापताना मी ते वाक्य पुटपुटत बसले. रामकिसन समोरच होता. तू ज्याच्या फोटोला हार घालून पाया पडलीस, तोच. त्याला अहो-जाहो करायचं मी सोडलंय, तू मनावर घेऊ नकोस. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं बद्रीला विचारलं, "काय बरळती रं ही?" आणि बद्रीनं सांगितलं. शब्दाला शब्द, शाळेत उत्तर द्यावं तसं. रामकिसननं माझ्या हाताखालचा पोळपाट ओढला आणि कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग माझं मनगट धरून तळहात तापलेल्या तव्यावर दाबला. "आता म्हण! म्हण की इंग्रजीत!" साखरपुड्याला ओटी भरताना तू माझा आखडलेला तळहात बघितलास, तेव्हा तेल उडालं म्हणाले होते. तेल नव्हतं. बद्री दारात उभा होता. तो रडला नाही, ओरडला नाही. बाप दमून बाहेर गेल्यावर त्यानं आपलं ताट वाढून घेतलं आणि जेवला. लहान होता, घाबरला असेल, असं मी आजवर स्वतःला समजावत आले.

रामकिसन मेला तेव्हा मला रडू आलं नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते. वाटलं होतं, आता या घरात कुणाचा हात उठणार नाही. बद्री दारू पीत नाही, सणाला साडी आणतो, चारचौघांत आई-आई करतो. तुम्हीही हेच बघितलंत.

परवा तू फोनवर म्हणालीस, लग्नानंतरही दवाखान्यातली नोकरी सोडणार नाही. त्यानं फोन ठेवला. मी एवढंच म्हणाले, करू दे की, शिकलेली पोर आहे. "तूच फूस लावती व्हय तिला?" म्हणत त्यानं माझा बुचडा धरला आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. पडले तर बरगडीत लाथा घातल्या, बाप घालायचा तशाच. आत्ता लिहितानाही श्वास घेतला की कळ येते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाला, सॉरी आई, आय डोन्ट युज्युअली डू धिस. वाक्यात काही चूक नव्हती, पण ते खोटं होतं. बाप गेल्यापासून तो मारतोच आहे. खाण तशी माती. माझ्या पोटचा आहे, तरी लिहिते. लिहिताना काळीज फाटतंय गं, अयोध्या.

हे लग्न मी मोडते आहे. मोडलेल्या सुपारीचा बोल आपल्याकडं मुलीलाच लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून उद्या मी स्वतः बिडकीनला येते. तुझ्या वडिलांसमोर, म्हणजे काकासाहेबांसमोर, आणि सगळ्या भावकीसमोर कपाळाची पट्टी सोडून सांगणार आहे की माझा मुलगा मला मारतो, खोट मुलात आहे, मुलीत नाही. मग कुणाची काय बिशाद तुला बोलायची! तिथून मी या घरी परतणार नाही, शहजादीकडं जाईन. हे पत्रही तीच आज तुझ्या दवाखान्यात आणून देईल. बद्रीला कळलं की तो तुझ्याकडं धावत येईल. आईचं डोकं फिरलंय म्हणेल, पाया पडेल, रडेल. फार चांगलं रडतो तो. दार उघडू नकोस.

सासू होणार नाही, तरी तुझीच,
द्वारकाबाई