सुळेकाकांच्या पोटामागचा दगड

प्रिय अण्णामामा,

तर सुळेकाकांच्या पोटामागे काय लिहिलंय ते शेवटी कळलं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कळलं ना? मग आता दोन घोट चहा घे आणि पहिल्यापासून सांग." म्हणून पहिल्यापासून सांगते. फोनवर सांगायची सोय राहिली नाही, म्हणून लिहितेय. इंग्लिश मीडियमची पोर आहे, ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका. शिवाय शुक्रवारपर्यंत मला ऑफिसात एक उत्तर द्यायचंय, आणि ते तुम्हाला विचारल्याशिवाय देववत नाहीये.

दर रविवारी सकाळी मी इथे जपानात, कावासाकी स्टेशनबाहेरच्या करड्या फोनपाशी उभी असायचे, आठवतं? तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ. तुम्ही कुणालातरी सॅन अँटोनिओ दाखवून नुकतेच घरी आलेले असायचात. पुण्याहून कुणीही टेक्सासला आलं, मुलाकडे ह्यूस्टनला येवो नाहीतर डॅलसला, एक दिवस तुमच्या ताब्यात. डिकीत चिवडा, स्टीलच्या थर्मासमध्ये आल्याचा चहा, मागच्या सीटवर मामी. मग तीच टूर माझ्यासाठी फोनवर परत. कार्ड संपत आलं की फोन टूंटूं करायचा आणि तुम्ही म्हणायचात, "थांब, टॉवर राहिलाय."

मी कधी आलेच नाही. तरी मला तुमचं गाव पाठ आहे. नदी रस्त्याच्या खालून वाहते, जिना उतरून जायचं, दोन्ही काठांना हॉटेलं आणि ही मोठी झाडं. ते ऐकून झालं की तुमचा सुस्कारा: "आपल्या मुठेचं असं काही केलं असतं तर?" मग टॉवर. "म्हणजे पर्वतीच समज. फक्त लिफ्ट आहे." मग अलामो, तुमच्या गावातली जुनी लढाईची जागा. "म्हणजे आपली पावनखिंड. मूठभर माणसं, समोर अख्खं सैन्य. फक्त हे भर बाजारात आहे."

मी चिडायचे. "मामा, प्रत्येक गोष्टीला पुणं कशाला चिकटवता?"

"मग काय चिकटवू? माझ्याकडे तेवढंच आहे."

आणि अलामोसमोर उभं राहून प्रत्येक पाहुणा एकच म्हणायचा. "एवढंच?" तुम्हाला दर वेळी लागायचं ते. मला म्हणायचात, "सिंहगडावर पहिल्यांदा गेलेला माणूसपण विचारतोच की, किल्ला कुठाय. बघायला यावं लागतं गं, नुसतं येऊन चालत नाही."

मिशन सॅन होझेच्या चर्चच्या दारात पुण्याहून आलेल्या जोशीमावशींनी चपला काढल्या, ती गोष्ट तर मी तुमच्याकडून किती वेळा ऐकली. त्यांचं बघून मागून आलेल्या दोन अमेरिकन बायकांनी गुपचूप बूट काढले, आणि मामी म्हणाली, "आता एक माणूस बसवा इथे, चपला सांभाळायला." फोनबूथमध्ये मी एकटी हसत होते. बाहेर रांगेत उभा असलेला माणूस घड्याळात बघायला लागला.

एकच जागा तुम्ही पुण्याशिवाय सांगायचात. ती जपानी बाग. जुन्या दगडाच्या खाणीत केलेली, आणि दारावर लिहिलंय काय, तर चायनीज टी गार्डन. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू झाला, तेव्हा बागेचं नाव बदललं. तिथेच राहून बाग सांभाळणारं, येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा विकणारं जपानी कुटुंब होतं, त्यांना निघायला सांगितलं. आता नाव परत जपानी झालंय, पण दारावरची अक्षरं तशीच. तुम्ही म्हणायचात, "इतकी वर्षं गावाला चहा पाजला, तरी घर सोडावं लागलं बघ." 

तिथूनच दगडाचा विषय निघाला.

"अलामोच्या अंगणात तुझ्या जपानहून आलेला एक दगड आहे गं. कुणी जपानी भूगोलाचे मास्तर होते, त्यांनी बसवला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. त्यावर उभी-उभी अक्षरं आहेत. काय लिहिलंय कोण जाणे."

"फोटो पाठवा. मी ऑफिसात वाचून घेते."

फोटो आला. आणि फोटोत कोण? सुळेकाका! बरोब्बर मध्ये, हात मागे बांधून, पोट पुढे करून.

"मामा, दगड कुठाय?"

"मागे आहे ना."

"मागे आहे हो. पुढे सुळेकाका आहेत."

"अगं, ते पुण्याहून एवढे आले. त्यांना काय सांगू, बाजूला व्हा, दगडाचा काढायचाय?"

"मग ते निघाल्यावर एक नुसत्या दगडाचा काढायचा."

"माणूस नसलेला फोटो? बघायचं काय त्यात?"

पुढच्या वेळी मामी आली. दगडाच्या डावीकडे, पण पदर वाऱ्याने उडालेला. त्याच्या पुढच्या वेळी नाशिकचं एक नवीन जोडपं, म्हणजे दोन्ही बाजू बंद. एक नुसता दगडाचा काढायला काय जात होतं तुमचं, मामा? मनापासून विचारतेय.

ते तिन्ही फोटो मी मोरी-सानना दाखवले. मोरी-सान म्हणजे माझ्या सेक्शनचे साहेब, रिटायरमेंटला आलेले. जुन्या चिनी पद्धतीची कविता आहे, म्हणाले, आजकालच्या मुलांना वाचता येणार नाही, पण माझ्या वडिलांनी शिकवलंय. लंच अवरला तिन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून आम्ही जुळवत बसायचो. ते बोट ठेवून म्हणायचे, "इथे किल्ला. इथे पाणी. इथे..." आणि थांबायचे. "इथे सुळे-सान."

मग तो आमचा सोमवारचा नेमच झाला. मी जॅकेट काढायच्या आधीच ते विचारायचे, "सुळे-सान बाजूला झाले का?" मी म्हणायचे, "अजून नाही." ते मान हलवायचे. "फार धीराचे दिसतात." हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की मामीने रिसीव्हर घेऊन विचारलं, यांना झालं काय.

डिसेंबरात मामीचा फोन हॉस्टेलवर आला. रविवार नव्हता. वॉर्डनबाई वर येऊन म्हणाल्या, "अमेरिका," आणि मला वाटलं तुम्हीच. मामी एवढंच म्हणाली, "सई, अण्णा गेले गं. झोपेतच." मला व्हिसा नव्हता, लगेच मिळण्यासारखा नव्हता. खाली जाऊन मी वॉर्डनबाईंना थँक्यू म्हटलं, कारण दुसरं काय म्हणायचं ते मला जपानीत येत नव्हतं.

ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. कसं सांगायचं? त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे टेक्सासचे ओजी-सान, म्हणजे मामा, सुळे-सानचे फोटो काढणारे. सोमवारी मोरी-साननी विचारलं, "बाजूला झाले?" मी म्हटलं, "अजून नाही." मग दर सोमवारी तेच म्हणत राहिले.

रविवार फार मोठा असतो इथे, तुम्हाला कधी सांगितलं नाही मी. टोकियोत ओजिमाला ओळखीची एक मराठी फॅमिली आहे, बोलावतात जेवायला, वरण-भात वाढतात. त्यांच्या मुलीला मी मराठीत विचारलं, शाळा आवडते का, तर तिने जपानीत सांगितलं की आज लायब्ररी बंद आहे. गोड आहे. पण येताना ट्रेनमध्ये माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात तुम्हाला हे सांगायची तयारी करतेय. आठवडाभर मी तुमच्यासाठी गोष्टी साठवायचे ना. ती सवय कशी बंद करायची? अजून रविवारी सकाळी पाय त्या फोनकडे वळतात. मग तसंच पुढे तामा नदीपर्यंत चालत जाते. काठच्या मैदानावर म्हातारे लोक बेसबॉल खेळत असतात.

जानेवारीत मोरी-साननी मला मीटिंगरूममध्ये बोलावलं. चेहरा असा, जणू वाढदिवसाचा केक लपवलाय. म्हणाले, आपल्या एका क्लायंटचं काम टेक्सासला सुरू होतंय. सॅन अँटोनिओ. एप्रिलपासून, सहा महिने. "मी तुझं नाव दिलंय. ओजी-सान खूश होतील ना?"

मी "हाय" म्हटलं, म्हणजे जपानीत हो, वाकले आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तुम्हीच सांगा, आता येऊन काय करू? लहानपणापासून मला शनिवारवाड्यापासून कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत तुम्ही हिंडवलंत, अमेरिकेला गेलात तरी सोडलं नाहीत. तुमचं अलामो माझ्या डोक्यात केवढं मोठं आहे. तिथे जाऊन माझ्याच तोंडून "एवढंच?" निघालं तर? तुम्ही शेजारी नसताना ते खरंच एवढंसंच असेल तर? नाही गेले तर निदान तुमचं गाव तुम्ही सांगितलंत तसं राहील. मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं.

आणि मग मामीचं पाकीट आलं. तुमच्या कॅमेऱ्यात अर्धा रोल राहिला होता, तो तिने धुऊन आणला. पाकिटात त्यातला एकच फोटो, आणि सोबत एक ओळ. "हा तुझाच असणार. नुसत्या दगडाचा फोटो हे दुसऱ्या कुणासाठी काढणार?"

नुसता दगड, मामा. समोर कुणी नाही. एक-एक अक्षर दिसतंय. खाली कोपऱ्यात तुमचा थर्मास जमिनीवर ठेवलेला, हात मोकळे करायला ठेवला असणार. कधी गेला होतात? एकटेच गेला होतात? मला बोलला का नाहीत?

मी तो सोमवारी मोरी-सानसमोर ठेवला. त्यांनी चष्मा बदलला. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "सुळे-सान नाहीत."

मी म्हटलं, "नाहीत. आणि फोटो काढणारे मामापण नाहीत. डिसेंबरात गेले."

 मोरी-सानचा चहा नुकताच आला होता. तो कप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि फोटोच्या पुढ्यात ठेवला. इथे गेलेल्या माणसाला असा चहा ठेवतात. बिनसाखरेचा हिरवा चहा, तुम्हाला घोटभर गेला नसता. पण ठेवला त्यांनी.

मग हळूहळू वाचलं. आधी जपानीत, मग मला कळेल अशा इंग्लिशमध्ये. ते भूगोलाचे मास्तर मोरी-सानच्याच भागातले निघाले, आयचीकडचे. तिकडे पूर्वी एक किल्ला होता. त्याला वेढा पडला, तेव्हा एक माणूस नदीतून निसटला, मदत मागायला गेला, आणि ती येतेय हे आतल्यांना सांगायला परत फिरला. पकडला जाणार हे माहीत असून. अलामोतपण तसाच एक जण वेढ्यात परत गेला होता. मास्तर एवढ्या लांब टेक्सासला आले, अलामोसमोर उभे राहिले, आणि त्यांना आपल्या गावचा किल्ला आठवला. तेच दगडावर आहे. हे म्हणजे आमच्याकडच्या त्या किल्ल्यासारखं.

मोरी-सान म्हणाले, "माणूस लांब गेला की त्याच्याकडे तुलना करायला आपलंच गाव असतं."

माझ्याकडे तेवढंच आहे. तुम्ही काय वेगळं म्हणत होतात? मी किती चिडायचे तुमच्यावर पुणं-पुणं करता म्हणून. आणि त्या माणसाने तर ते दगडावर कोरून, जहाजाने पाठवून, अलामोच्या अंगणात उभं केलं. कुणी त्याला म्हणालं नाही, प्रत्येक गोष्टीला तुमचं गाव कशाला चिकटवता.

कप उचलताना मोरी-साननी विचारलं, "नाव काढून टाकू का? शुक्रवारपर्यंत सांग. घाई नाही." म्हणजे घाई आहे, पण ते तसं म्हणणार नाहीत.

काल मामीला फोन केला. त्याच करड्या फोनवरून. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "ये की. मी गाडी चालवत नाही, पण तू चालव. वळायचं कुठे ते मी सांगते. एवढी वर्षं मागच्या सीटवर बसून सगळं पाठ झालंय मला. आणि त्यातलं निम्मं ह्यांनी रचलेलं आहे, तेपण सांगते." मग ती हसली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. तिचापण शनिवार मोठा असणार, मामा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डिकी रिकामी, थर्मास फडताळात.

मी तिला म्हटलं, इथे तामा नदी आहे, मुठेसारखीच, फक्त पाणी आहे. ती म्हणाली, "अगदी अण्णांची भाची."

तर मी हो म्हणतेय. शुक्रवारची वाट कशाला, उद्याच सांगते. वचन देते, अलामोसमोर "एवढंच?" म्हणणार नाही, मनातसुद्धा नाही. थर्मास मी भरीन, आलं जास्त घालीन. चर्चच्या दारात मामीने बूट काढ म्हटलं तर काढीन. आणि त्या दगडापाशी जाऊन तो काय म्हणतो ते मामीला मराठीत वाचून दाखवीन, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

फक्त एक अडलंय. मामी कॅमेरा घेऊन समोर उभी राहील आणि म्हणेल, "हं, जा, उभी राहा." तेव्हा मी काय करू? मोरी-सानसाठी बाजूला सरकू, म्हणजे अक्षरं दिसतील? की तुमच्यासाठी मधोमध उभी राहू, सुळेकाकांसारखी? माणूस नसलेल्या फोटोत बघायचं काय, असं तुम्हीच म्हणायचात, आणि शेवटचा फोटो मात्र तसाच काढून गेलात. मग आता तुम्हाला काय वाटतं, मामा, त्या फोटोत दगड दिसायला हवा की मी?

तुमची,
सई