वाकडा चमचा

१ डिसेंबर

दोन इस्त्र्या, तीन चाळण्या, चमच्यांचे दोन संच – आणि आता दोन नाताळ! लग्नाला चार महिने झाले. सामान कसंबसं एका घरात बसवलं, पण सणाचं काय? आज जेवताना विषय काढला आणि सगळे एकदम बोलायला लागले. आमच्याकडे भेटवस्तू आदल्या संध्याकाळी उघडतात. नवऱ्याकडे सकाळी, तेही दात न घासता. माझं झाड पांढरं-सोनेरी, दोन गोळ्यांमध्ये बरोबर वीतभर अंतर. त्यांच्या झाडावर लिफ्टची जळकी बटणं, एक जुनं कुलूप, धाकटीचा लहानपणचा खुळखुळा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे खिशातून जे निघेल ते झाडावर! मी म्हटलं, हे झाड की भंगारवाल्याची गाडी? तो हसत राहिला. या माणसाला राग येत नाही, हा एक तापच आहे.

माझी दहा वर्षांची लेक त्याच्या दोन मुलींच्या मध्ये पडते. परवापर्यंत एकुलती एक होती, आता मधली झाली. स्वतःच सगळ्यांना सांगत फिरते – "मी मधली." ऐटीत!

थोरली तेरा वर्षांची. तिला विचारलं, तुला कसं हवं? "तुम्ही ठरवाल ते चालेल."

४ डिसेंबर

तिघींकडून याद्या मागवल्या, कुणाला काय हवं. मधलीची यादी दोन पानं. धाकटीने (वय सात) घोडा मागितलाय, खरा. कंसात 'छोटा चालेल' असं लिहून मोठेपणा दाखवलाय. थोरलीचा कागद कोरा. वर फक्त तिचं नाव, नीट रेघ मारून.

तिचं हे 'चालेल' मला खातं. भाजी चालेल, खोली चालेल, मधलीने न विचारता तिचे मोजे घातले तरी चालेल. धाकटी पहिल्याच आठवड्यात आई म्हणायला लागली. थोरली काहीच म्हणत नाही. मला बोलवायचं असेल तर समोर येऊन उभी राहते. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिला जन्म देणारी जाऊन पाच वर्षं झाली, तिची जागा मला नकोच आहे. पण एकदा तरी या पोरीने माझ्याकडे काहीतरी मागावं. हट्ट करावा. पाय आपटावेत. एवढंच हवंय मला या नाताळात.

७ डिसेंबर

माझ्या फ्रेमच्या दुकानात श्वास घ्यायला वेळ नाही. सणाला सगळ्यांना आपापली माणसं भिंतीवर हवी असतात. अकरा फ्रेमा, चार काचा, आणि एक म्हातारे गृहस्थ – बायकोचा फोटो जरा वाकडाच लावा म्हणाले, ती तशीच उभी राहायची. मला जमेना! दोनदा लावला, दोनदा हाताने आपोआप सरळ केला. शेवटी त्यांनीच वाकडा केला. माझ्या आईचं म्हणणं आहे की मी पाळण्यात असताना पाळण्याची झालरसुद्धा सरळ करायचे.

१३ डिसेंबर

झाडाचा तह झाला! पुढची बाजू माझी, मागची त्यांची. मग धाकटी रडली, की मागचं कुणाला दिसणार? तर नवऱ्याने कुठल्याशा जुन्या पंख्याची मोटर आणली, खाली फळी, फळीखाली चाकं – आणि झाड फिरायला लागलं! हळूहळू, मिनिटाला एक फेरी. आधी माझे गोळे येतात, मग त्यांचं भंगार, मग परत गोळे. आम्ही पाचही जण जमिनीवर बसून बघत होतो. जेवण गार झालं, कुणाला पर्वा नाही. मधली म्हणाली, "काका, याला लिफ्टसारखी घंटा पण लावा ना." तो लगेच स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठला. कसंबसं थोपवलं.

थोरलीसुद्धा हसली. दात दिसले. लिहून ठेवते.

भेटवस्तूंचंही ठरलं – एकेक आदल्या संध्याकाळी, बाकीच्या सकाळी. दात न घासता. (हे मी मान्य केलं यावर माझाच विश्वास बसत नाही.)

२० डिसेंबर

आज एक काम मार्गी लावलं. झाड फिरता फिरता त्यांची बाजू समोर आली, तर आत खोडाजवळ काहीतरी चमकलं. बघते तर चमचा! जेवणाचा, स्टीलचा, दोऱ्याने बांधलेला आणि मानेत चांगलाच वाकलेला. धाकटीचे उद्योग, दुसरं कोण. सोडवला, दुकानात नेला, पक्कडीने छान सरळ केला, घासला आणि खणात टाकला. आता कुणी ओळखणारही नाही. वाकडी वस्तू सरळ झाली की दिवस कसा चांगला जातो!

२४ डिसेंबर

चर्चमध्ये एका बाकावर पाच जण. धाकटीने गाण्याचा शेवटचा शब्द सगळ्यांच्या नंतर, एकटीने, खणखणीत म्हटला. पुढच्या बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. मला तर अभिमानच वाटला.

संध्याकाळी एकेक भेट उघडली. मधलीच्या वडिलांचा फोन आला, नवरा त्यांच्याशी पंधरा मिनिटं फिरत्या झाडाबद्दल बोलला! थोरलीला मी रंगांची पेटी दिली. "छान आहे," म्हणाली. छान आहे म्हणजे चालेलचीच मावशी.

२५ डिसेंबर

सकाळचं लिहायला हवं, नाहीतर पोटात राहील.

उठून बघते तर धाकटी झाडाभोवती झाडाच्याच वेगाने फिरतेय. चमचा शोधतेय म्हणाली. मी विचारलं, कुठला चमचा? मग नवऱ्याने सांगितलं. थोरली-धाकटीची आई केक ढवळताना एकदा डब्याचं घट्ट झाकण चमच्याने उघडायला गेली, चमचा वाकला. तो चिडवेल म्हणून तिने तो झाडात लपवला आणि नेमका त्यालाच सापडला. तेव्हापासून दरवर्षी कुणालाही न सांगता झाडात चमचा येतो. सकाळी शोधायचा. ज्याला सापडेल त्याने दिवसभर काडीचं काम करायचं नाही, हुकूम सोडायचे. कोण लपवतं ते विचारायचं नाही, हाच नियम. धाकटी शपथेवर सांगते की चमचा स्वतःच चढून बसतो.

"या वर्षी नाही चढला," ती म्हणाली.

मी थोरलीकडे पाहिलं. ती शोधत नव्हती, नुसती झाडाच्या एका फांदीकडे बघत होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन मिनिटं बोलले नाही, त्याची लाज वाटते. मग सगळं सांगून टाकलं – फांदी, पक्कड, खण. म्हटलं, "सरळ केला गं मी तो. मला वाटलं, बिघडलाय."

थोरली म्हणाली, "असू दे. चालेल."

तेच ते! पण नजर त्या फांदीवरून हटेना. मी म्हटलं, नाही चालणार. या घरात हे एक चालणार नाही. आणि अख्खा खण टेबलावर ओतला. दोन घरांचे एक्केचाळीस चमचे, त्यातले निम्मे एकसारखे. माझ्या सरळ करण्याचा असा राग मला कधीच आला नव्हता. मग आठवलं – पक्कडीचे दात! घाईत फडकं न गुंडाळताच दाबला होता. पाच डोकी एकमेकांवर आपटत होती. आणि तेविसावा की चोविसावा असेल, मानेवर दोन्हीकडून चार-चार बारीक खुणा. सापडला.

थोरलीने तो हातात घेतला. सरळ चमच्याकडे ती जशी बघत होती ते मला बघवेना. मी वाकवून देऊ का विचारलं. नको म्हणाली. स्वयंपाकघरात गेली, केकचा डबा घेऊन आली. झाकण घट्ट होतंच. या घरात मी झाकणं लावते. तिने चमचा कडेखाली घातला आणि सगळं अंग टाकून दाबला. झाकण उडून दिव्याला लागलं! चमचा वाकला – आधीपेक्षा जरा जास्तच. आणि तीच पहिली हसली. मग काय! नवरा डोळे पुसत हसत होता, की हसत डोळे पुसत होता, देव जाणे.

धाकटीच्या हट्टाखातर सगळे जिन्यात जाऊन उभे राहिलो, चमच्याला चढायला वेळ द्यायला. थोरली मध्येच स्वेटर आणायला आत जाऊन आली. मग शोधाशोध. नवऱ्याने काही बघितलंच नाही असा चेहरा करावा तर त्यानेच! चमचा मधलीला सापडला, माझ्या पांढऱ्या-सोनेरी बाजूला. तिचा पहिला हुकूम – आईने दिवसभर काहीही सरळ करायचं नाही. मेले मी! भिंतीवरचं कॅलेंडर जेवणाच्या वेळी मला वाकुल्या दाखवत होतं.

२६ डिसेंबर

कॅलेंडर सरळ केलं.

६ जानेवारी

झाड उतरवलं. दुपारी थोरली शाळेतून घरी न जाता दुकानात आली. समोर उभी राहिली, मग दप्तरातून चमचा काढून काचेवर ठेवला. मी म्हटलं, हा तुमच्या बाबांकडे ठेव, एरवी तेच लपवायचे ना?

"बाबा नाही. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून मीच लपवतेय. धाकटीला सापडावा म्हणून." मग फ्रेमांकडे बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी तू लपव ना. मला पण शोधायचाय."

चमचा माझ्याकडे आहे. कुठे लपवायचा ते ठरलंय, पण इथेसुद्धा लिहिणार नाही.