पाऊण पैसा आणि सायकलचं दुकान

लिहून ठेवणार मी, सायकलवाल्याची विधवा, वय पंच्याहत्तर, शिक्षण दुसरीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा, माझ्या तोंडी लागू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांना आणायचा होता त्यांनी आणून पाहिला. वकिलांनी छान मसुदा करून दिला होता, पण तो कुठल्याही म्हातारीला चालला असता, म्हणून हे माझ्या हातचं. कायद्याचं काही चुकलं असेल तर त्यांनी सुधारावं, बाकीच्याला हात लावू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं.

१. दुकानावरच्या दोन खोल्या मुलाला. जिना मागून आहे, त्याने तोच वापरावा.

२. बँकेतल्या ठेवीतून दवाखान्याचं बिल आणि मला पोचवायचा खर्च भागवावा. उरेल ते सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी भांडते, पण तोंडावर भांडते.

३. थोरल्या दिरांच्या मुलाला काही नाही. तो विचारायला येणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

४. खालचं दुकान, शटर, गल्ला, भाड्याच्या सायकली, पाने, पंप, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, सगळं माझ्या नातीला. नातीला का, हे मुलगा कोर्टात विचारणार आहे. त्याचं उत्तर इथेच देते.

नवे पैसे आले तेव्हा आमचा दर तासाला एक आणा होता. रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आण्याचे सव्वासहा. आता सव्वासहा पैसे कोणी कुठून द्यायचे? सरकारी तक्त्यात सहा होते. दिरांनी पाटीवर सात लिहिले. दोघे भाऊ मागे दुरुस्ती करत आणि गल्ल्यावर मी बसे, त्यामुळे दर त्यांचा आणि शिव्या मला. वहिनी, दिवसाढवळ्या लुटता की, हे रोजचं झालं. पण चार आण्यांचे बरोबर पंचवीस होत, तिथे दिरांचंही काही चालेना. म्हणून कारखान्यातल्या माणसांना मी सांगितलं, चौघं मिळून या, पंचवीस टाका, चार सायकली न्या. माणशी पाऊण पैसा वाचे. ज्याचे सोबती मागे राहिले असतील तो दाराशी थांबे, दोन शब्द बोले. एवढंच.

एका संध्याकाळी दिरांनी पाना खाली ठेवला आणि भरल्या दुकानात विचारलं, "ही भाड्याने देते काय, सायकल की आणखी काही?"

ज्यांचे पैसे मी वाचवले त्यांतलाच एक हसला. माझा नवरा ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघत होता. तो बघतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी घरात आणि गल्ल्यावर दीर. पाऊण पैशासाठी माझी अब्रू गेली.

परवा पेपरात त्या दिवसांवर लेख आला होता. लोकांची कशी त्रेधा उडाली, भाजीवाली कशी बोटं मोजत बसली, असलं. मुलाने तो हसत हसत वाचून दाखवला. आई, तुझीही एखादी गंमत सांग, म्हणाला. सांगितली. त्यानंतर हसला नाही, पण काकांची बाजूही असेल म्हणाला.

वाटणीत दुकान नवऱ्याकडे आलं. मरायच्या आधी त्याने ते माझ्या नावावर केलं. कागद केला, शब्द काढला नाही. कागद मी घेतला. माफ केलेलं नाही, हेही नोंदवून ठेवावं.

आता नात दुकान चालवते. चाकाचा बाक तिच्यासारखा कोणी काढत नाही. आणि माझा मुलगा, तिचा बाप, दुकान त्याच चुलतभावाला, दिरांच्या मुलाला, विकायला निघाला आहे. गेल्या महिन्यात माझ्यादेखत तिला म्हणाला, "तरुण मुलगी दाराशी बसली की लोक सायकल घेऊन येत नाहीत, नुसतेच येतात."

ती चाकावरून मान वर न करता म्हणाली, "नुसतेच येतात त्यांच्या हातात पंप देते, बाबा. दोन चाकांत हवा भरून जातात."

मी हसले. मग वरच्या खोलीत जाऊन वकिलांना फोन केला.

५. दुकान विकायचं, भाड्याने द्यायचं की बंद करायचं, ते नात ठरवील. ती लग्न करो, न करो, कुठेही राहो, त्याने यात फरक पडणार नाही. तिला गल्ल्यावरून उठवायचा अधिकार बापाला नाही, काकाला नाही, पुढे नवरा आला तर त्यालाही नाही.

६. हे सगळं अमलात आणायचं काम वकिलांचं. त्यांची फी दिलेली आहे, पावती माझ्याकडे आहे.

७. मुलाने या कागदावर सही करणार नाही असं कळवलं आहे. त्याची सही लागतच नाही, असं वकील म्हणाले. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा मुलाला समोर बसवून.

सही : केली आहे. अंगठा नाही.
आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार : १) दाखला देणारे डॉक्टर २) शेजारची शिंपीण
ठिकाण : दुकानाची पुढची बाजू, शटर पूर्ण वर
तारीख : ११ जून, बुधवार, सकाळी