दार उघडं ठेवून भरलेली गुप्त बैठक

लंडन,
रविवार, सण संपून दुसरा आठवडा

प्रिय आणि आदरणीय जोहरा आत्या,

तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून नेवोचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नव्या डॉक्टरच्या गोळ्या तू स्वतः घेतेस की अजून शेजारच्या सिमीला वाटतेस? काकांचा खोकला, दारातलं अंजिराचं झाड आणि वरच्या बाईशी चाललेलं कपडे वाळत घालायच्या दोरीचं भांडण, सगळ्यांची तब्येत मी विचारली आहे असं समज. मी ठणठणीत आहे. वजन वाढलेलं नाही (आईला वाढलंय असं सांग).

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय कळलं की आपल्या गल्लीतल्या लिओरने कुठल्याशा चित्रफितीत मला पाहिलं आणि 'नेवो लंडनमध्ये ज्यूंच्या शत्रूंना जाऊन मिळाला' असं दिमोनाभर केलं. आत्या, त्याच आठवड्यात इथल्या लोकांनी नेवो हा ज्यूंच्या कारस्थानातला माणूस आहे असं ठरवलं होतं. दहावीत शाळा सोडलेल्या मुलाबद्दल दोन देशांत इतका विचार होतो, म्हणजे काहीतरी प्रगती झालीच म्हणायची.

तर झालं असं. आमची इमारत पाडून तिथे काचेची बांधायची असं मालकाने, म्हणजे मिस्टर व्हिटकॉमने, ठरवलं आणि सगळ्यांना खोल्या सोडायच्या नोटिसा दिल्या. म्हणून आम्ही भाडेकरू संघ काढला. आम्ही म्हणजे फिलिपाने काढला (ही पहिल्या मजल्यावरची, विद्यापीठात काहीतरी शिकवते, मन फार चांगलं, बातम्या बघताना खरोखर रडते), आणि मी खुर्च्या वाहिल्या. मी अजून कोबीच्या कंपनीत लोकांचं सामान हलवायचं काम करतो, त्यामुळे संध्याकाळी गाडी माझ्याकडे असते, आणि ज्या चळवळीकडे गाडी नाही ती फार लांब जात नाही. मला संघात मजा येत होती. सगळे मला कॉम्रेड म्हणायचे आणि कर्णा उचलायला सांगायचे. संघाने एक वकील धरला आहे, पण तो फक्त सभासदांची बाजू लढतो. जो सभासद नाही त्याची खोली सगळ्यात आधी जाणार. एवढं ध्यानात ठेव, कारण पुढचा सगळा गोंधळ माझ्या खोलीचा आहे, जगाचा नाही.

गोंधळ सुरू झाला फिनपासून. फिन चित्रं काढतो. त्याने मालकाविरुद्ध एक मोठं चित्र काढून जिन्यात लावलं: इमारतीला आठ हातांनी विळखा घातलेला एक जाडा माणूस, बोटांत अंगठ्या, आणि नाक असं की त्याच्या सावलीत दोन माणसं बसतील. आता हा व्हिटकॉम मी पाहिलेला आहे. त्याचं नाक शर्टाच्या बटणाएवढं आहे, आणि दर रविवारी तो चर्चमध्ये गातो. मी सभेत साधं विचारलं, की हे नाक कुणाचं?

फिन म्हणाला, "हे कुणा माणसाचं नाक नाही, कॉम्रेड. हे भांडवल आहे."

मी म्हटलं, भांडवलाला नाक असतं हे मला ठाऊक नव्हतं, पण हे नाक आमच्या घरात चार पिढ्या आहे आणि आमच्याकडे भांडवल कधीच नव्हतं. लोक हसले. फिन हसला नाही. त्याने विचारलं, तू मूळचा कुठला? मी म्हटलं, इस्राएलमधल्या दिमोनाचा. हसू थांबलं. मग फिलिपा अगदी प्रेमाने म्हणाली की नाकाचा मुद्दा घेऊच, पण आधी नेवोने तिथल्या सरकारचा निषेध सभेसमोर वाचून दाखवावा, म्हणजे सगळ्यांना मोकळं वाटेल. माझ्या शेजारी कैरोचा हानी बसला होता. त्याला त्याच्या सरकारबद्दल कुणी विचारत नाही (विचारलं तर तो पहाटेपर्यंत थांबायचा नाही). आत्या, सरकारला शिव्या देण्यात मला काय अडचण? आजोबांना मोरोक्कोहून आलेल्या जहाजातून उतरवून वाळवंटातल्या तंबूत आणून टाकलं तेव्हापासून आपल्या घरात एकही सरकार शिवीशिवाय गेलेलं नाही. या सरकारला तर मी फिनपेक्षा जास्त आणि नावानिशी देतो. पण नाकाबद्दल बोलायला आधी शिव्या देऊन परवाना काढायचा, हे काही घशाखाली उतरेना. मी नाही म्हटलं. लगेच ठराव आला, की नेवोचं सभासदत्व काढून घ्यावं. मतदान पेसाहाच्या सणानंतर.

तू म्हणशील, इमारतीत आपली माणसं नाहीत का? आहेत ना. माझ्याशिवाय तिघं आहेत, आणि ती एकमेकांना जिन्यात वाट देत नाहीत. मिरियम ग्लासमन ही निवृत्त शिक्षिका, प्रत्येक मोर्च्यात पुढे, इस्राएलचं संत्रंसुद्धा घरात आणत नाही. रेब हेर्श (रेब हे त्यांच्यात आदराने म्हणतात) दुसऱ्या मजल्यावरचा, कर्मठ, काळा कोट, मुलं किती ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्यालाही इस्राएल मान्य नाही, कारण मसीहा यायच्या आधी राज्य कसं काय काढलं. म्हणजे या दोघांचं एकमत आहे, पण हेर्श मिरियमला ज्यू म्हणायला तयार नाही आणि मिरियम हेर्शला माणूस म्हणायला. तिसरा लेनर्ड. त्याने खिडकीत आपला झेंडा लावलाय. त्याचं इस्राएलवर फार प्रेम, पण इस्राएलमधून आलेल्या माणसाने गाडीत मोठ्याने गाणी लावलेली त्याला चालत नाहीत.

मी तिघांकडे मत मागायला गेलो. मिरियम म्हणाली, तुझ्यासाठी नक्की बोलते, पण तो निषेध तू वाच, मी तुला चांगल्या भाषेत लिहून देते. लेनर्ड म्हणाला, बोलतो, पण गाडीवर झेंडा लाव. हेर्शने दार बोटभर उघडलं आणि म्हणाला, "तूच ना तो, पेसाहात शेंगांचं सूप खाणारा?" मी म्हटलं, रेब हेर्श, आमच्यात चालतं, मोरोक्कोत सगळे खातात. तो म्हणाला, "मोरोक्कोत उंटही असतात," आणि दार लावलं.

अशा वेळी मला तू आठवलीस. म्हटलं, जोहरा आत्याने काय केलं असतं? मिमुना केली असती. सण संपला, तारे निघाले, की दार सताड उघडायचं, तव्यावर मुफलेताच्या पातळ पोळ्या टाकायच्या, लोणी-मध ठेवायचा आणि जो येईल त्याला खायला घालायचं. आमंत्रण नाही, भांडण नाही. खाली रकिया मावशी राहते, मोरोक्कोतल्या मेकनेसची, मुसलमान. पेसाहात पीठ-पाव वर्ज्य, आठवडाभर माझ्या घरात पिठाचा कण नव्हता, म्हणून मी तिला विचारलं, संध्याकाळी थोडं पीठ मिळेल का? तिने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसलीच. म्हणाली, "माझी आजी त्या रात्री ज्यूंच्या गल्लीत पीठ घेऊन जायची. मला वाटलं होतं आता कुणी मागणार नाही." पीठ घेऊन ती स्वतः वर आली. मला बाजूला सारलं, माझं कणीक मळणं बघून तिने आपल्या दोन्ही देशांच्या वतीने शरम व्यक्त केली आणि तवा ताब्यात घेतला. मी दार उघडं टाकलं. जिन्यात लोण्याचा वास सुटला.

पहिला आला हेर्श. उंबऱ्यातच थबकला.

"हे काय आहे?"

"मुफलेता, रेब हेर्श. या, बसा. भरभराट होवो."

"पिठाचं आहे की बटाट्याचं?"

"पिठाचं."

"म्हणजे पाव! पेसाहात पाव! अरे करंट्या, पेसाह उद्या संपतो!"

आत्या, मी शपथेवर सांगतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आपल्याकडे सात दिवस, बाहेरच्या मुलखात आठ. मी लंडनमध्ये बसून दिमोनाचा पेसाह सोडला होता. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून मिरियम आली. तिने ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, सात. तोरा ग्रंथात सात लिहिले आहेत, माझे वडील सातच पाळायचे, मुलगा बरोबर आहे. आणि हेर्शकडे बघत तिने एक मुफलेता गुंडाळून तोंडात घातली. तिच्यामागे लेनर्ड.

"आठ!" लेनर्ड म्हणाला. "परदेशात आठ! आणि मिरियम, तुला तिथलं संत्रं चालत नाही, कॅलेंडर बरं चालतं?"

"ते माझ्या वडिलांचं आहे. बर्लिनचं. आणि तू काय सांगतोस? परवा तू कोपऱ्यावर तळलेला मासा खात होतास, पिठात बुडवलेला."

"खात होतो. मी आठ दिवसांचा पेसाह मोडतो, तू सात दिवसांचा पाळतेस. धर्म माझाच मोठा."

हेर्शने दोघांनाही हाताने उडवून लावलं आणि माझ्याकडे वळला. "पोरा, तू परत जाणार आहेस का? जो परत जाणार त्याला सात. जो इथे राहणार त्याला आठ. तू कोण?"

मी उलथणं हातात घेऊन उभा. म्हटलं, अजून ठरवलं नाही.

"ठरवलं नाही असा पेसाह नसतो," हेर्श म्हणाला. "आणि परत जाणार असलास तरी दार लावून खायचं. चारचौघांत नाही."

"दार लावलं तर मिमुना कसली?" मी म्हटलं. रकिया मावशीने तव्यामागूनच त्याला सांगितलं की दार लावून मिमुना मेकनेसमध्ये कुणी पाहिलेली नाही, आणि उंटांबद्दलही तिला बोलायचं आहे (हे मी तिला सांगायला नको होतं).

या क्षणी जिना चढून फिलिपा आणि फिन आले. त्यांना काय दिसलं? इमारतीतले सगळे ज्यू एका खोलीत.

"तुम्ही नेहमी असे जमता?" फिनने विचारलं.

"देव न करो!" तिघं एकदम म्हणाले. त्यांच्यात पहिल्यांदाच एकमत झालं आणि नेमकं तेच फिनने चित्रित केलं. फिलिपाला मावशीने मध लावून मुफलेता दिली. तिने खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि मग तिला आठवलं की माझ्यावर ठराव आहे.

दुसऱ्या दिवशी चित्रफीत सगळीकडे. फिनने खाली लिहिलं होतं, 'मतदानाआधी तिसऱ्या मजल्यावर गुप्त बैठक.' दार उघडं होतं, आत्या. लोण्याचा वास तळमजल्यापर्यंत गेला होता. लिओरने पाहिली ती हीच, फक्त त्याला मध्ये उभी असलेली, पॅलेस्टाईनचा रुमाल घातलेली फिलिपा दिसली.

मग सभा. फिन म्हणाला, आपण ज्यूंच्या विरुद्ध अजिबात नाही, पण ही माणसं वरून भांडतात आणि आतून एक असतात, हा इतिहास आहे. हे ऐकून मिरियम उभी राहिली. निषेधाचा कागद तिच्या हातात होता, पण तिने तो उघडलाच नाही. म्हणाली, "या मुलाशी माझं जवळपास कशात पटत नाही. मी चाळीस वर्षं मोर्चे काढतेय, आणि ते नाक मी माझ्या वडिलांच्या, हिटलरच्या काळातल्या शाळेच्या पुस्तकात पाहिलंय. फिन, ते उतरव." कुणीतरी मागून म्हणालं, बघा, शेवटी त्यांच्याच बाजूने गेली. मिरियम खाली बसली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. नंतर लेनर्ड माझ्या बाजूने बोलला आणि माझी दोन मतं गेली. रकिया मावशी म्हणाली, "ते नाक माझ्या नवऱ्याचंही होतं, आणि तो बस चालवायचा."

हात वर झाले. फिलिपाने डोळे पुसत माझ्या विरुद्ध हात केला (दुसऱ्या दिवशी तिने गुरुवारसाठी गाडी मागितली, मी दिली). मोजणी झाली तर दोन्हीकडे सारखी मतं. इतक्यात दाराच्या फटीतून एक काळी बाही आत आली, पुढे एक हात, वर केलेला.

"हा कुणाचा हात?" फिलिपाने विचारलं.

बाहेरून आवाज आला, "भाडं भरणाऱ्याचा."

"मत द्यायला आत यावं लागेल."

"आत बायका आहेत."

"मग नुसता हात मोजा," रकिया मावशी म्हणाली. "बाकीचा आपल्याला नकोच आहे."

हात मोजला. मी राहिलो. खोली तूर्त वाचली. चित्राचा प्रश्न उपसमितीकडे गेला, आणि फिनने तोवर नाक जरा छोटं करून दिलं. आता तो माणूस हुबेहूब आपल्या काकांसारखा दिसतो, त्यामुळे पुन्हा हरकत घ्यावी लागणार. हेर्शचे आभार मानायला गेलो तर म्हणाला, "तुझ्यासाठी नाही केलं. तू गेलास तर त्या खोलीत पेसाह न पाळणारा येईल. तू निदान चुकीच्या दिवशी सोडतोस."

असो. काकांना नमस्कार, सिमीला तिच्याच गोळ्या घ्यायला सांग, आणि सगळ्यांना माझी खुशाली कळव.

तुझा,
नेवो

ता. क. काकांना नाकाचा भाग वाचून दाखवू नकोस.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते लिहायचंच राहिलं. काल हेर्श जिन्यात भेटला. वाट न देता उभा राहिला आणि म्हणाला, ठरलं का? मी म्हटलं, आठ. तो बाजूला झाला. का म्हणून विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. इथे अर्ध्या इमारतीने मला काढायला हात वर केले आणि अर्ध्या इमारतीने ठेवायला. दिमोनात माझ्यासाठी कधी कुणी हात वर केला नव्हता. तर आत्या, पुढच्या वर्षीपासून मी आठ दिवस पाळणार आहे. हे आईला तू सांग, माझ्याने होणार नाही. आधी ती म्हणेल, वेडा झालाय, एक दिवस जास्त ती कोरडी, बिनखमिराची मात्झा कोण खातं. मग आठचा अर्थ तिच्या लक्षात येईल. तेव्हा तिच्याजवळ बस.