सुरभीच्या काचेवरचा डाग

३ फेब्रुवारी २००४
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. बाबांच्या चष्म्याच्या दुकानातच नशीब चालून आलं. बोरगाव मेघेची सुरभी. एम.एस्सी. फिजिक्स. पोलरॉइड गॉगलचा तुकडा पाहिजे, तिच्या प्रोजेक्टच्या काचेएवढा. मापासाठी काच ठेवून गेली. म्हणे, काचेवर नॅनोट्यूब आहेत, केसाहून हजारो पट बारीक नळ्या, सगळ्या एकाच दिशेनं लोळवलेल्या. आत चमकणाऱ्या रंगाचे रेणू कोंबलेले. त्यांले वळायलेही जागा नाई, म्हणून त्यांचा उजेडही एकाच दिशेत थरथरतो. समोर पोलरॉइड धरून फिरवलं की चमक विझते.
कोंडलेल्या रेणूचं दुःख मले नाई तर कोणाले समजणार!

४ फेब्रुवारी
घात. सकाळी काचेवर धुरकट डाग दिसला. तोंडानं हाऽ करून वाफ सोडली, फडक्यानं लख्ख पुसली. मग आठवलं, तो डाग म्हणजेच तिच्या नळ्या.
बाबांले विचारलं, काच आली की पुसायचीच का? म्हणे, मग काय मळकी देतं का गिऱ्हाइकाले?
दहा तारखेले तिची नागपूरले परीक्षा.

५ फेब्रुवारी
निश्चय: खरं सांगायचं. मर्दासारखं.
दुपारी: ती आली. मी मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांआड. बाबांनी तिले उद्या ये म्हटलं.

६ फेब्रुवारी
उपाय सापडला! नवी काच, हायलायटर, फूटपट्टी. सगळ्या रेघा एकाच दिशेनं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली काय चमकली! हे शास्त्रज्ञ उगाच भाव खातात.
दुपारी: पोलरॉइड फिरवून पाहिलं. विझत नाई. रेघा सरळ, रेणू मोकाट. पण परीक्षक म्हातारे असतीन. नजर कमजोर असते.
संध्याकाळी: दिली. थँक्यू म्हणाली.

१० फेब्रुवारी
नागपूरले जाऊन तिले अडवणार होतो. बसस्टँडवर नागपूरची बस समोरून जाऊ दिली. उसाचा रस पिऊन परत. तिच्यासारखी स्कूटी वाजली की काउंटरखाली वाकतो.

११ फेब्रुवारी
आली. डोळे सुजलेले. म्हणे, परीक्षकांनी पोलरॉइड गरगर फिरवलं, काहीच विझलं नाई. मायक्रोस्कोपखाली हायलायटर निघाला. आता सहा महिन्यांनी पुन्हा. काऊन सांगतलं नाई? दोन दिवसांत दुसरी बनवली असती.
माझं डोकं सटकलं. म्हटलं, मग 'पुसू नये' असं लिहून ठेवायचं ना काचेवर!
ती बाबांकडे वळली. काका, याच्या हाती काच देऊ नका.
'याच्या' म्हणाली. नाव घेतलं नाई. बायका कोणाचं नाव घेत नाईत, ते समजणाऱ्याले समजते.
बाबांले हे सांगितलं. ते म्हणे, येड्या, जाताना मलेच विचारून राह्यली होती, पोराचं नाव काय म्हणून. काच कोणी बिघडवली ते विद्यापीठाच्या अर्जात टाकायचं आहे.
बाबांनी आडनावासकट सांगितलं.