गूढ कण आणि माझा घसा

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ, तुझी स्कूटर आणि तुझी दहावीची तुकडी या तिघींच्या तब्येती बऱ्या असतील असं धरून चालतो. (तिघीही चढावर अडतात, म्हणून एकत्र चौकशी.) इकडे आम्ही मजेत. माझा घसा जरासा बसलाय, एवढंच.

वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानाची हकीकत तुझ्या कानावर आलीच असेल, पण खरी ऐक. विषय होता रोजचं भौतिकशास्त्र आणि गूढ कण. आरंभी पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो अध्यक्षांच्या डोक्यावर उलटा धरला. हवेचा दाब पाणी अडवून धरतो. फक्त पुठ्ठा नीट बसलेला लागतो. नव्हता. अध्यक्ष शेवटपर्यंत ओल्या कोटात बसून राहिले (सभ्य माणूस, शिंकले तेसुद्धा टाळ्यांच्या आवाजात). मग न्यूट्रिनोंवर आलो. सूर्याकडून निघालेले हे कण या क्षणी आपल्या अंगातून आरपार जाताहेत, असं म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "गुडघेदुखीवर काही उपयोग?" 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. नुसती हवा. मी हात हलवले, मान हलवली. बाईंना काय कळायचं ते कळलं. त्यांनी समाधानाने गुडघे खिडकीतल्या उन्हाकडे वळवले. लोकांना वाटलं, हाही प्रयोगच. खूप हसले.

श्रोत्यांत घशाचे एक डॉक्टर होते. तेवढे एकटे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाकातून नळी घालून आत पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि काल समोर बसवून सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. मी कुजबुजत म्हटलं, "पण रविवारी माझं पुढचं व्याख्यान आहे."

"मग ते देऊन घ्या," ते म्हणाले. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी घाबरवलं नव्हतं.

घरी आलो तर तुझी ताई मिठाचं गरम पाणी घेऊन उभी. "किती ती बडबड! महिनाभर गप्प बसलात तर काय बिघडेल?" मी मुकाट्याने गुळण्या केल्या. (गुळण्या करताना माणूस रडला तर बाहेरच्याला कळत नाही. रोजच्या भौतिकशास्त्रात हे घालायला हरकत नाही.)

तुझा,
बडबड्या भाऊजी

ता. क. रविवारचं व्याख्यान तू देशील का? पेल्याचा प्रयोग गाळ.

आणखी एक ता. क. व्याख्यान राहू दे, रद्द झालं तरी कुणाचं काही अडत नाही. तू शनिवारीच ये. तुझ्या ताईला मी अजून सांगितलेलं नाही. तू सांग, मी शेजारी बसतो. आवाजाची सबब सांगत नाही. आज सकाळी तो बरा होता. तिला सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहा मागितला.