विलासच्या हातातला मोबाईल

रहाटणी, गुरुवार

प्रिय निरंजन,

फोन केला असता तर तू दोन मिनिटांत मला हसवून विषय गुंडाळला असतास, म्हणून लिहितेय. संध्याकाळी आकुर्डीला येऊन हे पाकीट तुझ्या दाराखालून सरकवेन. बेल वाजवणार नाही.

मंगळवारी नववीच्या वर्गाला बातमी कशी पारखायची ते शिकवत होते. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, छापून आल्यावर कोणाचं भलं होतं? सोबत दोन बातम्या नेल्या होत्या. एक व्हॉट्सअ‍ॅपवरची, पुनावळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची. तिचा मुलांनी पाच मिनिटांत फडशा पाडला. दुसरी विश्वासार्ह बातमीचा नमुना म्हणून, आणि ती तुझी होती. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर विलास नावाच्या कामगाराची दोन बोटं तुटली, आणि 'काम करताना तो मोबाईल पाहत होता, असे सहकाऱ्यांनी सांगितले.' खाली तुझं नाव. खोटं कशाला बोलू, ते नाव दाखवताना माझी मान ताठ झाली होती.

मागच्या बाकावरून सनी म्हणाला, "मॅडम, ही पण फेक हाय." मी दटावलं, छापील बातमीला असं म्हणायचं तर आधी प्रश्न विचार. तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? तिथं मोबाईल गेटवरच जमा करत्यात. शिफ्ट सुटंस्तोवर माझ्या पप्पांना फोनच लागत न्हाई." मग सगळा वर्ग उसळला. कोणाचे वडील त्याच कंपनीत, कोणाचा भाऊ, कोणाची आई पॅकिंगला. चाळीस घरांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्या दोघांना ठाऊक नव्हती. आपले बाबा बँकेत होते ना.

 तास संपल्यावर मिनल टेबलापाशी आली आणि म्हणाली, बातमीतले ते विलास माझे पप्पा आहेत. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर आठ दिवस बंद होता, त्यांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. सोमवारी कंपनीत त्यांची चौकशी आहे. चूक त्यांची ठरली तर नोकरी जाईल. आणि चौकशीच्या कागदांना तुझं कात्रण जोडलंय.

काल त्यांच्या घरी गेले. विलासनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तुझी बहीण आहे हे सांगायचं धाडस झालं नाही, लाज वाटली. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, ते पत्रकारसाहेब आमच्यातल्या कुणाशी बोलले असतील?" मला उत्तर माहीत होतं. दिवाळीत तूच कौतुकानं सांगितलं होतंस की हल्ली चाकणला जावंच लागत नाही, कंपनीचे साहेब तयार मजकूर पाठवतात. तेव्हा मी हसले. तुझा कान तेव्हाच पिळायला हवा होता.

आज वर्गानं तुझ्या संपादकांना पत्र लिहिलं. मोबाईल गेटवर जमा होतो हे कळवलंय आणि तुझे ते 'सहकारी' कोण, एवढंच विचारलंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलांचं मुलांना करू द्या, तुम्ही सही करू नका. मी पहिली सही केली आणि तू माझा सख्खा भाऊ आहेस हेही वर्गाला सांगितलं.  मग मिनलनं पत्राच्या तळाशी तिच्या गोल अक्षरात एक ओळ घातली: आमच्या मॅडम या बातमीदाराच्या बहीण आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. इतकं नीट मी त्यांना शिकवलं होतं हे मलाच माहीत नव्हतं. पत्र आजच जाणार होतं. मी मुलांसमोर हात जोडून तुझ्यासाठी एक दिवस मागून घेतला. उद्या चाकणला जा, विलासना भेट, आणि तुझी चूक तुझ्याच नावानं छाप. नाही गेलास, तर शनिवारी सकाळी ते पत्र मी स्वतः पोचवणार आहे.

तुझीच,
विजयश्रीताई